ज्या प्रयोगावर पुस्तक उभं, तोच डळमळला तर?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा इथे देत आहोत.)

३६ वर्षांच्या या वाचक एकेकाळी १५०० मीटर शर्यतीत धावायच्या. पुढे त्यांनी जीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि सध्या त्या एका औषध कंपनीत तांत्रिक मजकूर लिहिण्याची नोकरी करतात. माणसाच्या शारीरिक क्षमतेमागचं विज्ञान हा त्यांच्या आवडीचा विषय. त्यावरचे त्यांचे लेख वाचून एका प्रकाशकाने पुस्तकासाठी विचारलं, करारही झाला. ‘शरीर थांबतं ते मनामुळे’ हा पुस्तकाचा गाभा ठरला आणि दोन वर्षांत निम्मं हस्तलिखित तयार झालं. पहिलं प्रकरण चार मिनिटांच्या मैलावर आहे, दुसरं ‘इच्छाशक्ती वापरून वापरून संपते’ या सिद्धांतावर. संदर्भ पुन्हा तपासायला घेतले तेव्हा दोन्ही प्रकरणांचा पाया कच्चा निघाला. संपादकांचं म्हणणं, “गोष्ट छान आहे, राहू द्या. तळटिपा कोण वाचतं?” शिवाय पुस्तकाच्या शेवटी त्यांना यशाचे सात नियम हवे आहेत. घरचे सांगताहेत, नोकरी सोडू नकोस. त्या विचारतात : “माझी दोन वर्षांची मेहनत वाया गेली का? मी ना शास्त्रज्ञ, ना नाव कमावलेली खेळाडू, मग या विषयावर लिहायचा मला अधिकार आहे का? आणि पूर्णवेळ लेखक व्हायचं तर नोकरी आत्ताच सोडावी का?”

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी मला एकच समजूत दिसते. लेखकाकडे उत्तर आधी तयार असावं लागतं आणि पुस्तक म्हणजे ते उत्तर पटवून देणं, अशी ती समजूत आहे. म्हणून पुरावा डळमळला तेव्हा तुम्हाला पुस्तकच कोसळल्यासारखं वाटलं, आणि उत्तर द्यायला आपण कोण, हा प्रश्नही लगेच पुढे आला. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते तुमच्या पहिल्या प्रकरणावरूनच सांगते.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात सांगितली जाते. मैलभर अंतर चार मिनिटांच्या आत धावणं अशक्य आहे असं सगळे मानत होते, मग रॉजर बॅनिस्टर धावले, लोकांच्या मनातली भिंत पडली आणि वर्षभरात डझनावारी धावपटूंनी तोच पराक्रम केला. भाषणांमध्ये हा आकडा वेगवेगळा ऐकू येतो, पण तो नेहमी मोठा असतो.

आता नोंदी काय सांगतात ते बघा. बॅनिस्टर ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल धावले, हे खरं. ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडी यांनी फिनलंडमधल्या तुर्कू इथे ३ मिनिटं ५८ सेकंदांचा नवा विक्रम केला, हेही खरं. त्यानंतरची नावं शोधायला गेलं की लास्लो ताबोरी, ख्रिस चॅटवे आणि ब्रायन ह्यूसन सापडतात, तिघंही लंडनमधल्या एकाच शर्यतीतले. त्या शर्यतीची तारीख २८ मे १९५५. म्हणजे बॅनिस्टर धावल्यानंतरच्या पहिल्या अख्ख्या वर्षात लँडी सोडले तर दुसरा नवा माणूस चार मिनिटांच्या आत आलेलाच नव्हता. डझनांची गोष्ट इथेच संपते.

पण तुम्ही इथे थांबू नका, मागे जा. १९३७ मध्ये मैलाचा विक्रम ४ मिनिटं ६.४ सेकंदांचा होता. १९४२ ते १९४५ या काळात स्वीडनच्या गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन यांनी एकमेकांचे विक्रम मोडत तो ४ मिनिटं १.४ सेकंदांवर आणला. तीन वर्षांत पाच सेकंद! स्वीडन युद्धात तटस्थ होता, त्यामुळे तिथल्या शर्यती चालू राहिल्या. युरोपातल्या इतर अनेक देशांत तरुण खेळाडू युद्धात अडकले होते. युद्ध संपलं आणि शर्यतीसाठी पैसे घेतल्याबद्दल या दोघांवर हौशी खेळातून बंदी आली. चार मिनिटांच्या सगळ्यात जवळ पोहोचलेली दोन माणसं अशी मैदानाबाहेर गेली. पुढे १९५२-५३ मध्ये लँडी, बॅनिस्टर आणि अमेरिकेचे वेस सँटी असे तिघंही ४ मिनिटं २ सेकंदांच्या आसपास येऊन ठेपले होते. हेगच्या वेळेतून एक टक्क्याहूनही कमी कापायचं बाकी होतं. नऊ वर्षं विक्रम अडला तो मनातल्या भिंतीमुळे, की एक पिढी युद्धात गेली म्हणून, की बंदीमुळे? मला दुसरी आणि तिसरी कारणं जास्त वजनदार वाटतात. तुम्हाला वेगळं वाटू शकेल. पण हा वाद वाचकासमोर घालण्याजोगा आहे की नाही, सांगा.

आणि बॅनिस्टर स्वतः? ते वैद्यकीय विद्यार्थी होते. व्यायाम करताना श्वासातून जादा प्राणवायू मिळाला तर दम किती टिकतो, याचे प्रयोग त्यांनी ट्रेडमिलवर केले होते आणि त्यावरचा शोधनिबंध त्याच १९५४ साली प्रसिद्ध झाला. विक्रमाच्या दिवशी ख्रिस ब्रॅशर आणि चॅटवे यांनी आळीपाळीने पुढे राहून त्यांच्यासाठी वेग धरून ठेवला होता. मोजमाप करणारा, आपल्याच दमछाकीचा अभ्यास करणारा आणि दोन सहकाऱ्यांबरोबर शर्यत आखणारा हा माणूस ‘मनाने ठरवलं की झालं’ या गोष्टीत बसतच नाही.

तुम्ही जी गोष्ट फेकून द्यायला निघाला होतात, तिच्या जागी ही मिळाली आहे. माझ्या मते ती पहिलीपेक्षा कितीतरी सरस आहे. तीत माणसं जास्त आहेत, काळ दिसतो, आणि जे खोटं आहे ते का पसरलं हाही प्रश्न आहे. तुमची मेहनत वाया गेली नाही. दोन वर्षं वाचन केलं नसतं तर हे तुमच्या हाती लागलंच नसतं.

दुसऱ्या प्रकरणाचं मात्र तसं नाही, ते जसंच्या तसं ठेवता येणार नाही. १९९८ चा तो मूळ प्रयोग तुम्हाला पाठ असेल. भुकेल्या विद्यार्थ्यांसमोर ताजी चॉकलेट बिस्किटं आणि मुळे ठेवले. ज्यांना बिस्किटांचा मोह आवरून मुळे खावे लागले, त्यांनी नंतरचं न सुटणारं कोडं सरासरी आठेक मिनिटांत सोडून दिलं. बिस्किटं खाल्लेले एकोणीसेक मिनिटं झगडत राहिले. त्यावरून शेकडो निबंध निघाले. २०१० मध्ये मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी ते एकत्र करून पाहिले तेव्हा परिणाम चांगला ठसठशीत दिसला. मग २०१६ मध्ये त्याच हॅगर यांच्या नेतृत्वाखाली २३ प्रयोगशाळांनी, दोन हजारांहून जास्त लोकांवर, आधीच जाहीर केलेल्या पद्धतीने प्रयोग केला आणि परिणाम जवळपास शून्य आला. २०२१ मध्ये ३६ प्रयोगशाळांच्या आणखी एका प्रयत्नातही फारसं काही हाती लागलं नाही. सिद्धांत मांडणाऱ्यांचे आक्षेप आहेत, वापरलेलं काम पुरेसं दमवणारं नव्हतं वगैरे. ते आक्षेपही प्रामाणिकपणे द्या. पण ‘इच्छाशक्ती इंधनासारखी संपते’ हे ठाम विधान आज कुणी छापू नये, असं मला वाटतं. खेळाडू, विद्यार्थी, वजन कमी करू पाहणारे लोक अशा वाक्यांवरून आपला दिवस आखतात. चुकीचं वाक्य छापलं तर त्याची किंमत ते मोजतात.

मग पुस्तकाचा गाभा गेला का? नाही, तो फिरवावा लागेल एवढंच. ‘शरीर थांबतं ते मनामुळे’ हा निकाल आहे. त्याच्या जागी ‘आपण थांबतो तेव्हा नेमकं काय थांबतं’ हा प्रश्न ठेवून बघा. १५०० मीटरच्या शेवटच्या वळणावर पायांचं काय होतं हे तुम्हाला आतून माहीत आहे. ते स्नायूंत होतं, रक्तात होतं की मेंदूत, यावर गेली शंभर वर्षं लोक भांडताहेत. आर्चिबॉल्ड हिल यांनी १९२० च्या दशकात प्राणवायू घेण्याच्या कमाल मर्यादेची कल्पना मांडली आणि तेव्हापासून हा धागा तुटलेला नाही.

आता तुमच्या अधिकाराच्या प्रश्नाकडे वळते. त्याचं उत्तर एका शोधनिबंधावरून देते, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही.

२००४ मध्ये कार्टर, ज्यूकेंड्रप आणि जोन्स यांनी सायकलपटूंना साधारण तासभर जोर लावून सायकल चालवायला दिली. सायकल चालवताना ते ठरावीक टप्प्यांवर माल्टोडेक्स्ट्रिनचं पाणी तोंडात पाच सेकंद खळखळून थुंकून टाकत. माल्टोडेक्स्ट्रिन हे फारसं गोड न लागणारं कर्बोदक आहे. दुसऱ्या वेळी त्यांना साधं पाणी दिलं. पोटात काहीच गेलं नव्हतं. तरीही कर्बोदकाने चूळ भरलेल्या वेळी ते सुमारे २.९ टक्के लवकर पोहोचले, म्हणजे ६१ मिनिटांच्या कामात पावणेदोन मिनिटांची बचत. त्याच सुमाराला त्याच गटाने ग्लुकोज थेट शिरेतून देऊन पाहिलं होतं, त्याने कामगिरी सुधारली नाही. म्हणजे इंधन रक्तात पोहोचलं तरी उपयोग नाही आणि नुसतं जिभेला लागलं तरी फरक! पुढे २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिलं तेव्हा कर्बोदक तोंडात असताना बक्षिसाशी संबंधित भाग सक्रिय झालेले दिसले.

हे वाचून कुणीही ‘मेंदूला फसवा, जोरात धावा’ असा मथळा देईल. तुमचं काम तिथून पुढे सुरू होतं. निबंधाचा कार्यपद्धतीचा भाग उघडा. सायकलपटू किती? ९. त्यांना आपण काय घेतोय हे कळत होतं का? प्रयोग उपाशीपोटी झाला की जेवणानंतर? किती जण सुधारले, सगळे की काही? नंतर इतरांनी हाच प्रयोग केला तेव्हा कुणाला फरक दिसला, कुणाला नाही आणि अटींमध्ये काय बदललं होतं? पैसे कुणाचे होते? हे सगळे प्रश्न विचारायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. चिकाटी लागते, थोडं संख्याशास्त्र लागतं आणि न कळलेलं पुन्हा विचारण्याची तयारी लागते. तुमचं जीवशास्त्राचं शिक्षण झालेलं आहे आणि तांत्रिक मजकूर वाचायची रोजची सवय आहे. या क्षेत्रातल्या कितीतरी चांगल्या लेखकांनी याहून कमी शिदोरीवर सुरुवात केली आहे.

शिवाय शास्त्रज्ञाला जे जमत नाही ते तुम्हाला जमतं. तो आपल्या एका शाखेत खोल असतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि प्रशिक्षक एकाच प्रश्नाबद्दल तीन वेगळ्या भाषांत बोलत असतात, त्यांच्यामध्ये ये-जा करणारा माणूस लागतो. फक्त ज्यांच्या संशोधनाबद्दल लिहाल त्यांना तुमच्या शब्दांतला सारांश दाखवून ‘यात काही चुकलं आहे का’ असं जरूर विचारा. दहा हजार तासांच्या सरावाची गोष्ट कशी बिघडली ते आठवा. १९९३ च्या अभ्यासात बर्लिनमधल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती आणि त्या गटातल्याच अनेकांचे तास त्याहून कमी भरले होते. लोकांपर्यंत पोहोचेस्तोवर त्या सरासरीचा ‘दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात होतो’ असा नियम झाला. अभ्यासाचे प्रमुख अँडर्स एरिक्सन पुढे आयुष्यभर ते खोडून काढत राहिले.

हाच मुद्दा तुमच्या संपादकांच्या सात नियमांना लागू होतो. ‘हेरिटेज’ या अभ्यासात ४८१ लोकांना २० आठवडे एकसारखा व्यायाम दिला गेला. प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता सरासरीने मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटरने वाढली. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही आणि काहींची लिटरभराहून जास्त वाढली. फरकाचा मोठा भाग घराण्यांनुसार जाताना दिसला. व्यायाम तोच, आठवडे तेवढेच आणि माणसं इतकी वेगळी. तुमच्या सात नियमांनी ज्याला काहीच फरक पडणार नाही, तो वाचक दोष स्वतःलाच देईल. त्याचा विचार कुणीतरी करायला हवा, आणि या पुस्तकापुरतं ते तुम्ही आहात.

तरी संपादकांना शत्रू समजू नका. पुस्तक लोकांनी वाचावं, वाचून हाती काही लागावं, ही त्यांची इच्छा रास्त आहे. नियमांऐवजी त्यांना दुसरं काहीतरी द्या. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘हे स्वतःवर कसं तपासून बघाल’ असं एखादं पान देता येईल : काय मोजायचं, किती आठवडे मोजायचं, कुठल्या चढउताराकडे दुर्लक्ष करायचं. वाचकाला करायला काम मिळतं आणि तुम्हाला खोटं वचन द्यावं लागत नाही.

‘तळटिपा कोण वाचतं’ याचं उत्तर मात्र स्पष्ट द्या. पुस्तकातल्या तथ्यांची जबाबदारी करारानुसार सहसा लेखकावरच असते. मासिकांकडे असतो तसा तथ्य तपासणारा विभाग पुस्तकांच्या प्रकाशकांकडे बहुधा नसतो. २०१२ मध्ये अमेरिकेत एका लोकप्रिय विज्ञानलेखकाच्या पुस्तकात बनावट अवतरणं सापडली आणि प्रकाशकाने पुस्तक बाजारातून मागे घेतलं. ती अवतरणं शोधली ती एका वाचणाऱ्या पत्रकारानेच. मिळणाऱ्या रकमेतला काही भाग बाजूला ठेवून एखाद्या जाणकाराकडून हस्तलिखित ओळीन् ओळ तपासून घ्या. या व्यवसायात याहून चांगली गुंतवणूक मला माहीत नाही.

आता नोकरी. सोडू नका, निदान हे पुस्तक हातावेगळं होईपर्यंत तरी. आगाऊ रक्कम मिळते ती हप्त्यांनी : साधारणपणे करारावर सही केल्यावर काही, हस्तलिखित स्वीकारल्यावर काही, प्रकाशनानंतर काही. मध्ये वर्षं जातात. रॉयल्टी सुरू होते ती ती आगाऊ रक्कम विक्रीतून वळती झाल्यावर, आणि कित्येक पुस्तकं तिथवर पोहोचतच नाहीत. पूर्णवेळ लिहिणारे बहुतेक जण लेख, व्याख्यानं, शिकवणं, दुसऱ्यांच्या मजकुराचं संपादन यांवर घर चालवतात. पगार बंद झाला की सगळ्यात आधी काय सुटतं, तर हेच संथपणे तपासणं. हातात पगार असलेली लेखिका संपादकांना ‘मला सहा महिने वाढवून द्या’ असं म्हणू शकते. महिनाअखेरीची चिंता असलेलीला ते म्हणणं फार जड जातं.

व्याख्यानांबद्दल एक सावधगिरी. कंपन्या बोलावतात, पैसे बरे मिळतात, आणि व्यासपीठाला नेमके ते सात नियम हवे असतात. महिनोन्‌महिने तेच बोलत राहिलं की माणूस स्वतःच्या वाक्यांवर विश्वास ठेवायला लागतो. जायचं तर जरूर जा, पण भाषणातलं वाक्य पुस्तकात येण्याआधी पुन्हा मुळाशी जाऊन तपासा. उत्पादनं विकणाऱ्यांचे पैसे घेताना तर दहादा विचार करा. खेळाडूंसाठीच्या पेयांमागचा पुरावा किती पातळ आहे आणि त्यातलं किती संशोधन उद्योगाच्या पैशावर झालं आहे, हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१२ मध्ये उलगडून दाखवलं, तो अंक तुम्ही नक्की वाचा. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिचा पत्रात उल्लेख नाही. तुम्ही औषध कंपनीत नोकरी करता. बाहेर लिखाण करायला नेमणुकीच्या करारात मुभा आहे का, ते आजच बघा. पुस्तकात त्या कंपनीच्या औषधांचा किंवा पूरक आहाराचा विषय आला, तर तुमची नोकरी वाचकाला सांगून टाका. लपवलेलं नंतर उघडं पडलं तर बाकीच्या खऱ्या पानांवरचा विश्वासही उडतो.

कामाचा क्रम विचाराल तर असा ठेवा. दुसरं प्रकरण सध्या बाजूला ठेवा आणि पहिलं नव्याने लिहा, हेग-अँडरसनपासून सुरुवात करून. ते झालं की संपादकांना दोन पानांचं पत्र लिहा : जुनी गोष्ट कुठे तुटते, नवी काय आहे, पुस्तकाचा प्रश्न कसा बदलतो आणि त्यासाठी किती वेळ लागेल. सोबत ते प्रकरण जोडा. नुसता ‘मला शंका आहे’ असा निरोप गेला तर संपादक घाबरतो. लिहून झालेलं चांगलं प्रकरण समोर आलं की त्याचं मन बदलू शकतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तरीही त्यांनी खोटी गोष्टच ठेवायचा हट्ट धरला, तर करारातलं हस्तलिखित मागे घेण्याचं कलम नीट वाचा, घेतलेली रक्कम परत करावी लागेल का ते एखाद्या वकिलाकडून समजून घ्या, आणि तेवढ्यात मैलाचं प्रकरण दीर्घ लेख म्हणून प्रसिद्ध करता येईल का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.